नवसाचं वजन

माझा भाचा जन्मला तेव्हा २ किलो १०० ग्रॅमचा होता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. आईने त्याला काचेतून पाहिलं, बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि बसल्या जागी देवीला सांगून मोकळी झाली: पोराला सांभाळ, अंगाने भरू दे, बारा वर्षांचा झाला की गुळाने तुळाभार करीन. आमच्याकडे गोव्यात नवसाला आंगवण म्हणतात. आंगवण फेडायला उशीर झालेला चालतो, विसरलेली चालत नाही.

देवीने ऐकलं. ताईच्या मते जरा जास्तच ऐकलं. गेल्या वर्षी बारा पूर्ण झाली तेव्हा पोरगा १५० सेंटीमीटर उंच आणि ५८ किलो वजनाचा होता. आईने फोंड्याच्या बाजारात गुळाचा भाव काढून ठेवला, भटजींना दिवस विचारला, आणि भाच्याने सांगून टाकलं, मी तराजूत बसणार नाही.

"का रे?"

"लोक बघतात."

झालं होतं असं. जूनमध्ये त्याच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. हॉलमध्ये मुलांची रांग, भिंतीला उंचीची पट्टी, खाली काटा. एक जण आकडा वाचणार, दुसरा टेबलापाशी बसून लिहून घेणार. टेबल होतं दहा फुटांवर, त्यामुळे आकडा ओरडूनच सांगावा लागत होता. "अठ्ठावन्न!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, "एक पोतं, वर आठ किलो." पन्नास किलोचं तांदळाचं पोतं आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी कार्ड घरी आलं. त्यावर निळ्या पेनाने 'ओबीस', म्हणजे लठ्ठ, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. दोन कशासाठी, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून पोरगा वर्गात पोचल्यावरही रेनकोट काढेना. फुटबॉलही सुटला, कारण तिथे जर्सी घालावी लागते आणि ती अंगाला चिकटते.

मग एका रविवारी तो माझ्याकडे आला. दार लावून घेतलं. म्हणाला, "मावशी, तू मुलांची मापं घ्यायचीस ना? मग माझ्यात चरबी किती आहे ते सांग. वजन नको. चरबी."

मी पोषणशास्त्र शिकले. चार-पाच वर्षं सर्वेक्षणांच्या निमित्ताने शाळाशाळांतून मुलांची मापं घेत फिरले. आता फोंड्यात बसून लोकांना काय खावं ते सांगते आणि रात्री घरी जाऊन उरलेलं खतखतं पातेल्यातूनच खाते. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाने 'माझं वजन किती असायला हवं' हेच विचारलं. वजनातला कुठला भाग कशाचा, हे विचारणारा पहिला माणूस बारा वर्षांचा निघाला.

आधी कार्डाबद्दल. त्यावरचा बीएमआय होता २५.८; म्हणजे ५८ किलो वजनाला दीड मीटर उंचीच्या वर्गाने भागलं की येतो तो. हा भागाकार बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले याचा, १८३० च्या दशकातला. केटले खगोलशास्त्रज्ञ होता आणि त्याला कुणाचा लठ्ठपणा मोजायचा नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो, ते आकड्यांतून शोधायचा त्याला नाद होता. पुढे १९७२ मध्ये अॅन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासली आणि त्या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. सगळे प्रौढ. शाळेच्या रांगेतलं पोर त्यात कुठेच नव्हतं.

मुलांच्या बाबतीत तर हा आकडा एकटा उभाच राहू शकत नाही. वर्षाचं बाळ गुटगुटीत असतं, मग चालायला-पळायला लागलं की सडपातळ होतं, पाच-सहाव्या वर्षी बीएमआय अगदी तळाला जातो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. म्हणून वय आणि मुलगा-मुलगी पाहून तो तक्त्यावर बसवावा लागतो. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते काढले. त्यातल्या धोक्याच्या दोन रेघा, एक जादा वजनाची आणि एक लठ्ठपणाची, मोठेपणी २३ आणि २७ बीएमआयला जाऊन मिळतील अशा बेताने मागे ओढलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत त्याच रेघा २५ आणि ३० ला मिळतात. आपल्या रेघा खाली का आणल्या, त्यामागे एक पुण्याची गोष्ट आहे. ती पुढे सांगते.

मी भाच्याचा ठिपका तक्त्यावर मांडला. वरच्या रेघेच्याही वर पडला. म्हणजे कार्ड चुकलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर 'बीएमआय खोटा असतो' असं म्हणून हा मजकूर घराघरांत फिरायचा.

पण पोराने विचारलं होतं ते काट्याला येतच नव्हतं. काट्याला किलोभर गूळ आणि किलोभर कापूस सारखाच. हाड, पाणी, मांस, चरबी, दुपारी खाल्लेले दोन पाव, सगळं तो एकाच पोत्यात भरतो.

मी कपाटातून कॅलिपर काढला. हार्पेंडन नावाचं हे हत्यार ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: चुलीवरचं भांडं उतरवायच्या सांडशीला भिंतीवरचं छोटं घड्याळ बसवलं तर कसं दिसेल, तसं. धातूचं, वजनदार, पावसाळ्यात हाताला गार लागणारं. त्याची स्प्रिंग अशी असते की जबडा थोडा उघडा असो की पुष्कळ, दाब एकच पडतो, प्रत्येक चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम. मी ते आधी माझ्या तळहातात धरून ऊबदार केलं. ही सवय मला उशिरा लागली.

"हात कोपरात वाकव." खांद्याच्या टोकाचं हाड चाचपलं, कोपराचं टोक चाचपलं, टेप लावून बरोबर मधोमध दंडाच्या मागच्या बाजूला पेनाने खूण केली. "आता सोड. सैल. अजून सैल." खुणेच्या बोटभर वर अंगठा आणि तर्जनीने कातडी धरायची, आत चाचपायचं, खालचा स्नायू निसटून मागे राहिला पाहिजे आणि चिमटीत कातडीची दुहेरी घडी आणि तिच्या मधली चरबी एवढंच आलं पाहिजे. मग खुणेवर जबडा लावायचा, दांडी सोडायची, आणि मनात एक, दोन म्हणून काटा वाचायचा. दोन सेकंदच, कारण चरबी दाबली की हळूहळू बसते. काट्याकडे बघत राहिलात तर डोळ्यांदेखत तो चोवीसवरून तेवीस, तेवीसवरून बावीसच्या जवळ घसरत जातो आणि थांबायचं नाव घेत नाही. घाई केली तर मूल जाड, उशीर केला तर मूल बारीक. मोजणाऱ्याच्या संयमावर पोराची जाडी ठरते, असं आमच्या बाई म्हणायच्या. त्या तीन-तीनदा माप घ्यायला लावत आणि मे महिन्यात आधी घाम टिपायला लावत, कारण ओल्या कातडीची चिमूट टिकत नाही.

दंडाचं २२ मिलिमीटर. मग पाय स्टुलावर ठेवायला लावून पोटरीच्या आतल्या बाजूचं, ते २०. दोन्हींची बेरीज ४२. मुलग्यांसाठी त्याला ०.७३५ ने गुणायचं आणि त्यात १ मिळवायचा.

"बत्तीस टक्के," मी म्हणाले. मग माझंच मला वाटलं, हेही जरा जोरातच म्हटलं.

तो गप्प बसून गुणाकार करत होता. "म्हणजे साडेअठरा किलो. बाकीचा मी साडेएकोणचाळीस."

'बाकीचा मी.' हे त्याचे शब्द.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही मापं घेत होतो. मी चोवीस-पंचवीस वर्षांची, नवीन शिकलेली, हात सफाईने चालायचा याची घमेंड. मी मोजायची, सोबतीण लिहायची. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आली. अंगाने बरी होती. खांद्याच्या पात्याखालचं माप घ्यायला तिला फ्रॉकची मागची बटणं काढायला लावली, पडदा होता, पण पडद्याला कान असतात हे मला सुचलं नाही. "सत्तावीस पूर्णांक चार!" मी खणखणीत वाचलं. मिलिमीटर म्हणजे काय, सत्तावीस म्हणजे किती, तिला कळायचं कारण नव्हतं. माझ्या आवाजाचा चढ तेवढा कळला. तिच्या आधीच्या चार मुलींना मी आठ, नऊ, अकरा, आठ म्हटलं होतं. बाहेर गेल्यावर ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून दंडावरची माझी पेनाची खूण थुंकी लावून पुसत होती. दुसऱ्या दिवशी उरलेली मापं घ्यायची होती, ती आली नाही. पोट दुखतं म्हणे. त्या दिवसापासून मी आकडा स्वतःच चिठ्ठीवर लिहिते, तोंडाने काढत नाही. भाच्यासमोर मात्र ते विसरले, कारण तो घरचा. घरच्यांसमोर आपण जास्तच निष्काळजी असतो.

तर बत्तीस टक्के. हा आकडा कुठून आला ते त्याला सांगणं मला भाग होतं. ०.७३५ आणि १ हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या अभ्यासातून काढलेले आहेत. तिथल्या मुलांची चिमटीतली जाडी एकीकडे, दुसरीकडे जास्त खोलातल्या पद्धतींनी काढलेली अंगातली चरबी, आणि या दोन्हींमध्ये ओढलेली एक सरळ रेघ. माझा भाचा त्या रेघेवर पाहुणा. शिवाय कॅलिपरला कातडीखालचंच दिसतं. पोटाच्या आत, यकृताभोवती काय साठलं आहे ते त्याच्या जबड्यात येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मूल खरोखरच फार जाड असेल तर चिमूट नीट धरताच येत नाही. घडीच्या दोन बाजू समांतर व्हायला हव्यात, त्या होत नाहीत; जबडा सरकतो; दोघींनी मोजलं तर दोघींचे आकडे जुळत नाहीत. ज्या मुलांसाठी हे माप हवं, त्यांच्याच अंगावर ते सगळ्यात कमी भरवशाचं. आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेर कुणी फारसं बोलत नाही.

मग जास्त खोलातलं माप कुठलं? जुनं, मानाचं, ते पाण्यात बुडवून वजन करण्याचं. आर्किमिडीजचंच तत्त्व. चरबी तरंगते, हाड-मांस बुडतं. माणसाची घनता काढली की चरबी निघते. त्या हिशेबात चरबीची घनता ०.९ आणि बाकीच्या शरीराची १.१ धरतात. हा १.१ आला प्रौढांवरून, तेही मोजक्या मृतदेहांच्या तपासणीतून. मुलांचं मांस-हाड तसं नसतं. त्यात पाणी जास्त, खनिजं कमी. घरी सोललेला नारळ आणि आडसर, म्हणजे कोवळं शहाळं, दोन्ही माडावरचेच, पण नारळाचा हिशेब आडसराला लावून चालेल का? आडसरात नुसतं पाणी आणि सायीसारखी मलई. प्रौढांचं सूत्र मुलाला लावलं की मूल आहे त्याहून जास्त चरबीचं निघतं, कारण त्याचं कोवळेपणच चरबीच्या खात्यात जमा होतं. जाड मुलांच्या मांसात पाणी आणखी थोडं जास्त असतं, म्हणून तिथे चूक आणखी फुगते. शहाणे संशोधक वयाप्रमाणे आकडे बदलून घेतात. सगळेच घेत नाहीत.

त्याच सुमारास ताईने मोबाइलला जोडायचा काटा मागवला, चरबीची टक्केवारी दाखवणारा. माझं ऐकायचं नाही, पण जाहिरातीचं ऐकायचं, ही थोरल्या बहिणीची रीत. हे काटे पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अंगात जाणवणारही नाही एवढा विजेचा प्रवाह सोडतात. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही, तेव्हा किती अडथळा झाला त्यावरून अंदाज. पण प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्या पायातून उतरतो; पोटापर्यंत तो जवळजवळ जातच नाही. पोराने दोन दिवसांत त्याची पार परीक्षा घेतली. सकाळी उठल्या उठल्या ३०. दुपारी अंगणातून ओल्या पायांनी येऊन थेट उभा राहिला तर २७. "मावशी, पावसात भिजलं की चरबी उतरते!" मग त्याने अॅपमध्ये वय १२ चं ४० केलं, आकडा बदलला. मग 'पुरुष'चं 'स्त्री' केलं, पुन्हा बदलला. पाय तेच, पोट तेच, मिनिटभराचा खेळ. म्हणजे यंत्र जे सांगत होतं त्यातलं बरंचसं त्यालाच आधी सांगितलेलं होतं. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. जून महिन्यापासून पहिल्यांदाच तो एखाद्या काट्यावर हसत हसत चढत होता.

चांगल्या पद्धती आहेत, नाहीत असं नाही. डेक्सा नावाचं यंत्र हाडांची घनता मोजायला वापरतात, तेच दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण अंगावरून फिरवून हाड, चरबी आणि बाकीचं वेगळं करतं. किरणांची मात्रा अगदी थोडी. पण मुलाला निश्चल पडून राहावं लागतं, आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मला सगळ्यात आवडते ती जड पाण्याची पद्धत. ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेलं पाणी मोजून पाजायचं, तीन-चार तास थांबायचं, मग थोडी लाळ घ्यायची. मोठ्या टोपात किती कढी आहे ते न मोजता कळायला हवं असेल तर मोजून चमचाभर मीठ टाका, ढवळा आणि किती खारट झाली ते चाखा. फार खारट झाली तर कढी थोडी. तसंच हे. अंगातलं पाणी कळलं की मांस कळतं, कारण पाणी राहतं मांसात. वजनातून मांस वजा केलं की उरली ती चरबी. ना चिमटा, ना कपडे काढायचे, ना कुणी आकडा ओरडायचा. पण ते नमुने तपासायची यंत्रं बेंगळुरूच्या सेंट जॉन्ससारख्या मोजक्या संशोधन संस्थांत. फोंड्याच्या पोराच्या रविवारच्या प्रश्नाला त्याचा काय उपयोग?

आता पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ ची. आपली सगळ्याच मापांत लहान. पोट, दंड, मांस, पुष्कळच कमी. पण खांद्याच्या पात्याखालची चिमूट तेवढी कमी नव्हती. हीच सांडशी, दोन-अडीच किलोच्या बाळाच्या पाठीवर. बाळ दिसायला सुकं, पण आहे त्यात चरबीचा वाटा राखून आलेलं. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचा एक शेजारी शेजारी उभा असलेला फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२. अख्ख्या जगासमोर स्वतःच्या चरबीचा आकडा मांडणारा हा मराठी डॉक्टर मला फार आवडतो. तक्त्यावरच्या आपल्या रेघा खाली का, त्याचं उत्तर त्या फोटोत आहे.

हे वाचलं तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि ते मला परीक्षेपुरतं समजलं होतं. बाकावर बसलेली आई आठवली तेव्हा खरं समजलं. २ किलो १०० ग्रॅमचं पोर. लहान जन्मलेलं मूल भराभर भरलं की पुढे चरबी जास्त धरायचा धोका असतो. आणि आम्ही सगळ्यांनी त्याला भरायचा चंग बांधला होता. आई पेजेत तूप घालायची, शेजारीण नाचणीचं सत्त्व आणायची, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याला पोर बाहेर धावलं की गरम उंडो पाव हातात. मी स्वतः दर महिन्याला त्याचं वजन घेऊन आईला फोनवर सांगायची, "वाढलं गो, चारशे ग्रॅम!" आजही कुणी त्याच्या ताटातला भात कमी करायला गेलं तर आई कोकणीत उसळते, "वाडटें भुरगें तें, जेवूंक नाका?" वाढतं पोर ते, जेवायला नको? तिला मी काय सांगणार? बारा वर्षांपूर्वी आकडा वाढला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होते.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली आणि सुतळीचा गुंडा तसाच ओसरीवर पडला होता. मी भाच्याला भिंतीला टेकून उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरली आणि विळीवर तोडली. ती बरोबर मधोमध दुमडली. "आता कंबरेला गुंडाळ. बेंबीच्या जरा वर. श्वास ओढून नको धरू." टोकं भिडली नाहीत. मध्ये तीन बोटांची फट राहिली.

"भिडली पाहिजेत," मी म्हटलं. "एवढंच."

कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा जगभर वापरला जाणारा साधा नियम. चरबी किती टक्के ते तो सांगत नाही. जी चरबी पुढे मधुमेहाकडे नेते, त्या पोटाकडे तेवढं बोट दाखवतो. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने सांगितलं की एकट्या बीएमआयवर कुणाला लठ्ठपणाचा रुग्ण ठरवू नये, कंबरेसारखं एखादं माप सोबत हवं, नाहीतर थेट चरबी मोजावी. ते वाचताना मला ओसरीवरची सुतळी आठवली. सुतळीचा मला आवडलेला गुण वेगळाच: तिच्यात आकडा नसतो. ओरडायला काही सापडत नाही.

त्याला रोज सुतळी लावायची होती. मी नाही म्हटलं. चवथीला एकदा, शिगम्याला, म्हणजे होळीच्या सुमारास, एकदा. आणि दर वेळी नवी तोडायची, कारण तू वाढणार.

पुढच्या वर्षभरात मी काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना पाठ असतं. रेनकोट पाऊस संपल्यावर आपोआपच उतरला. फुटबॉल परत सुरू झाला तो माझ्यामुळे नव्हे, गोलकीपर मिळेना म्हणून. शिगम्याला फट एका बोटावर आली होती. या जुलैत तो १५९ सेंटीमीटर झाला. वजन ६१. म्हणजे काट्याच्या मते तीन किलो जाड झाला, आणि भागाकाराच्या मते २५.८ वरून २४.१ वर उतरला. मुलगे वयात येताना उंचीचा असा झपाटा येतो, तेव्हा मांस चढतं आणि चरबीचा वाटा कमी होतो. मुलींत त्याच वयात तो वाढतो, आणि वाढायलाच हवा असतो, हे त्या सत्तरीच्या मुलीला मी सांगितलं असतं तर. असो. यात पोराच्या पळण्याचा वाटा किती, माझा किती आणि नुसत्या वयाचा किती, हे मला विचारू नका. कॅलिपर मी पुन्हा काढला नाही. त्यानेही मागितला नाही.

आंगवण मात्र तशीच होती. आई काही बोलत नव्हती, पण देवळाचा विषय निघाला की गुळाच्या भावावर यायची. एक दिवस पोरगाच म्हणाला, "सकाळी लवकर जाऊया. आणि रविवारी नको."

आषाढातल्या मंगळवारी आम्ही गेलो. देवळाच्या अंगणात पाणी साचलेलं, तळीवर पावसाचे थेंब, सभामंडपात आम्ही चौघं, पुजारी आणि एक कुत्रं. तुळईला लटकवलेला तराजू जुना, साखळदंडांचा, दोन बाजूंना लाकडी फळ्या. भाचा एका फळीवर मांडी घालून बसला, साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरून. समोरच्या फळीवर दहा किलोच्या ढेपी एकेक करून चढू लागल्या. पाच झाल्या तरी तो जमिनीला टेकलेलाच. ताई दुसरीकडे बघत होती. सहावी ठेवली तशी फळी हलली, कुरकुरली, त्याचा एक कोपरा वर आला आणि परत टेकला.

"थोडोच जाय," म्हणून पुजाऱ्यांनी सातवी ढेप फोडली आणि एक खडा हातात घेऊन अंदाज करत उभे राहिले.

पोराने मान वळवून मला खुणेने जवळ बोलावलं.

"मावशी, यात चरबी किती ते कळत नाही ना?"

"नाही."

"बरं मरे," तो म्हणाला. पुजाऱ्यांनी खडा टाकला आणि त्याची फळी वर उचलली गेली.